एकदाच सांगायची बातमी

सत्यभामाबाई टीव्हीकडे पाठ करून बसते. घरात टीव्ही आहे, संध्याकाळी लावलेलाही असतो. पण ती भाकरी थापत असो नाहीतर करडाला बाटलीनं दूध पाजत असो, तिचं तोंड दाराकडे. मसाजी, तिचा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हिच्या पाठीला डोळे हायेत." ती भाकरीवरची नजर न उचलता म्हणते, "पाठीवरलं सोसतं. तोंडावरलं सोसत न्हाई."

नरसीहून हिंगोलीकडे येताना डाव्या हाताला त्यांचं गाव लागतं. मसाजी वर्षातले सात-आठ महिने मेंढ्या घेऊन रानोमाळ असतो. कुणाच्या शेतात रात्रभर मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि सकाळी पुढं चालायचं. घर, शेळ्या आणि दोन एकर रान सत्यभामाबाईच्या अंगावर. तिला सगळं जमतं, शेळी विकणं सोडून. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच ती सांगते, "हिला मागल्या पावसात पायाला खुरी झाली होती बरं का." मसाजी कपाळावर हात मारतो. "हिच्यासंगं बाजारला जावं, अन् बकरू फिरवून घरी आणावं. बकऱ्याला हवापालट, बाकी कायबी न्हाई."

अशा बाईनं आयुष्यात ठरवून खोटं बोलल्याचा एकच प्रसंग आहे. तेही ती मुलासाठी बोलली.

मुलगा शिवहार, एकुलता एक. फौजेत आहे. गेल्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला होता. आतेभावाचं लग्न होतं, नवे कपडे शिवून झाले होते, आणि हळदीच्या आदल्या दिवशी फोन आला की सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द, लगेच हजर व्हा. सीमेवर काय चाललंय हे तेव्हा प्रत्येक घरातला टीव्ही ओरडून सांगत होता. सकाळी शिवहार पाठीवर पिशवी घेऊन फाट्यावर जीपची वाट बघत उभा राहिला. नांदेडला जायचं, तिथून रेल्वे. सत्यभामाबाई आणि मसाजी सोडायला आले होते. लिंबावरून एक कावळा उतरला आणि शिवहारच्या डोक्याला पाय लावून उडून गेला.

शिवहार हसला. केस झाडले. "त्यालाबी वाटलं असंल, फौजीची कटिंग कशी असती ते बघावं."

मसाजीही हसला. सत्यभामाबाई हसली नाही. पण त्याच्यासमोर ती काही बोललीही नाही. जीप आली, तो गेला.

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की त्याचा एक उतारा असतो. त्या माणसाच्या सख्ख्या नात्यात कुणाकडे तरी तो मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. ऐकणाऱ्यानं मनापासून रडायला हवं. मरणाच्या वाट्याचं रडणं रडून झालं की मरण रिकाम्या हातानं परत जातं. मग त्याच दिवशी माणूस पाठवून खरं सांगायचं, आणि रडणाऱ्यानं शिव्या द्यायच्या. एवढं झालं की उतारा पुरा. सत्यभामाबाईच्या माहेरात याला आणखी एक नेम जोडलेला होता. सांगावा एकदाच सांगायचा. दुसऱ्यांदा सांगितला, की तो खोटा राहत नाही.

घरी येऊन तिनं तिच्या धाकट्या बहिणीला, जमनाबाईला, फोन लावला. जमनाबाई वारंगा फाट्याजवळच्या गावात असते. सत्यभामाबाईनं डोळे मिटले आणि म्हटलं, "जमने, आपला शिवहार गेला गं." आणि फोन ठेवला. नेमच तसा आहे. पुढं काही बोलायचं नाही, नाहीतर आवाजात खोटं कळतं.

पहिल्यांदाच ती इतकं चोख खोटं बोलली, आणि तेच अंगाशी आलं. जमनाबाईला कावळ्याचं काही ठाऊक नव्हतं. पण एरवी तिनं ओळखलं असतं. असले सांगावे तिनंही धाडले होते. त्या दिवशी मात्र तिच्या घरातला टीव्ही सकाळपासून चालू होता. भोंगे, आगीचे लोळ, नकाशावर लाल ठिपके. त्या आवाजात बहिणीचा आवाज आला आणि तिच्या मनात कावळा आलाच नाही, सरहद्द आली. ती जमिनीवर कोसळली. तिच्या धाकट्या पोरानं शिवहारचा वर्दीतला फोटो काढला, खाली पणती लावली आणि मोबाइलवर ठेवला. संध्याकाळी मसाजी जमनाबाईच्या दारात खरं सांगायला पोहोचला, तोवर तो फोटो कुठल्या कुठं गेला होता.

आधी तो एका मोबाइलवरच्या बातमीवाल्यानं उचलला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या चॅनलनं. "हिंगोलीचा वीरपुत्र." मागं भोंगा वाजत होता आणि एक चौकी जळत होती. निवेदिका सांगत होती की पहाटेच्या हल्ल्यात, शत्रूशी झुंजत, अखेरच्या श्वासापर्यंत.

सत्यभामाबाई टीव्हीसमोर उभी होती. तेव्हा ती अजून तोंड करून बघायची.

सुरुवातीला तिला राग आला. मग मसाजीचा हात धरून म्हणाली, "अवो, मी एवढंच म्हणलं होतं, गेला. पहाटंचं मी कुठं म्हणलं? चौकी कुठं म्हणली? हे त्याइला कुठून ठाव?"

"अगं, तुझाच सांगावा फिरून आला हाय तो."

"मग माझ्यापेक्षा जास्त काहून हाय त्याच्यात?"

शिवहारचा फोन बंद होता. जे खोटं तिचं स्वतःचं होतं, त्यावरच ती विश्वास ठेवू लागली. दुपारपर्यंत अंगणात माणसं जमली, गाड्या आल्या. एका पोरानं तिच्या तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, "मावशी, काय वाटतंय?" ती रडली. जमनाबाईच्या वाट्याचं जे रडणं होतं, ते ती स्वतः रडली, आणि ते सगळ्या राज्यानं पाहिलं.

शिवहारचा फोन आला तेव्हा तो कुठल्याशा स्टेशनवर पुरीभाजी खात होता. गाडी रखडली होती, फोनची बॅटरी गेली होती. "आई, माझ्या फोनवर लोकांनी मला श्रद्धांजली वाहून ठिवली," तो म्हणाला. "एकानं तर माझे पैसे बुडवले होते, तोबी रडून राहिला."

चॅनलनं ती बातमी दाखवणं बंद केलं. तो जिवंत आहे, असं मात्र कुणी सांगितलं नाही. त्यानंतर सत्यभामाबाईनं टीव्हीकडे पाठ केली.

*

हे सगळं मला दिपालीनं सांगितलं. दिपाली मसाजीच्या धाकट्या भावाची मुलगी, शिवहारची चुलत बहीण. ती संभाजीनगरला चित्रकला शिकते, आम्ही एका खोलीत राहायचो. शेवटच्या वर्षाला तिला मांडणशिल्प करायचं होतं, म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र नाही, तर माणूस ज्यातून चालत जाईल अशी एक अख्खी जागा. या हिवाळ्यात तिनं हिंगोलीत कापसाच्या जिनिंगचं एक रिकामं गोदाम आठवड्यासाठी मिळवलं. भिंतीवरचा मजकूर लिहायला म्हणून मी तिच्याबरोबर आले.

तिची कल्पना साधी होती. दारात एक जुना, तबकडीचा फोन. तो उचलला की एका बाईचा आवाज: "आपला शिवहार गेला गं." मग आत चालायचं. पहिला टीव्ही लहान, त्यावर पणती लावलेला फोटो. पुढचा जरा मोठा, त्यावर मोबाइलवाल्याची बातमी. असे एकाहून एक मोठे टीव्ही, आणि शेवटी भिंतीएवढा पडदा. त्यावर भोंगा, आग आणि निवेदिका. दारातल्या चार शब्दांपासून भिंतीपर्यंत युद्ध कसं वाढत गेलं, ते माणसानं आपल्या पायांनी चालून बघायचं.

टीव्ही नासेरभाईंनी दिले. हिंगोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जुने डब्बे टीव्ही त्यांनी माळ्यावर रचून ठेवले होते. दिपालीनं त्यांचं नाव दारातल्या फलकावर लिहायचं ठरवलं, तर ते घाईनं म्हणाले, "नक्को बेटा. उपर लढाई लिखी हुई, नीचे मेरा नाम. लोगां पढ़ते नहीं, सीधा जोड़ लेते."

"चाचा, तुमच्याशिवाय तर हे उभंच राहत नाही."

"तो खड़ा रहने दो ना. मैं बिजली के डब्बे के पास बैठूँगा. कुछ हुआ तो बटन मेरे हात में."

ते हसत बोलले, पण त्यांनी खुर्ची खरंच विजेच्या डब्याजवळ मांडली.

राहिला होता तो फक्त पहिला आवाज. आम्ही दोघी गावी गेलो. सत्यभामाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. दिपालीनं सगळं समजावून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच हुंकार देत होती.

"त्याइचं जे हाय ते दाखव," ती म्हणाली. "त्याइचं तोंड, त्याइचं पाप. माझं रडणंबी दाखव. सगळ्याइनं बघितलंच हाय. मला काय तकलीफ न्हाई."

"मोठीमाय, अन् ते पहिलं वाक्य? तुझ्याच आवाजात पाहिजे. एकदाच म्हण, मी मोबाइलवर घेते."

सत्यभामाबाईनं हातातली फांदी खाली ठेवली. "एकदा म्हणून झालं हाय."

"हे खरं थोडंच असणार? हे नाटक आहे."

"तेबी खरं कुठं होतं?"

दिपालीनं पुन्हा समजावलं. तिच्या आवाजात अभ्यास होता, आर्जव होतं, थोडी चीडही होती. सत्यभामाबाई शांतपणे म्हणाली, "दिपा, तो सध्या वर हाय. बरफात. आठ दिस झाले, फोन न्हाई. तिकडं पुन्हा कायतरी चालू हाय असं हे म्हणून राहिलेत." तिनं मानेनं घराकडे, टीव्हीच्या दिशेला खूण केली. "असल्या टायमाला माझ्या तोंडून ते निघणार न्हाई. तुझ्या शाळेत नापास केलं तरी न्हाई."

परत येऊन हिंगोलीत उतरल्यावर दिपाली म्हणाली, "तिनं म्हणायचं नाही ना? ठीक आहे." गोदामात जाऊन तिनं दारातल्या फोनचा कप्पा उघडला, मोबाइल तोंडाजवळ धरला आणि स्वतःच्या आवाजात ते वाक्य बोलली. आवाज थोडा खालचा लावला, की ऐकणाऱ्याला बाई प्रौढ वाटावी. पुन्हा ऐकलं, पुन्हा बोलली. मनासारखं होईपर्यंत.

*

उद्घाटनाच्या दिवशी दुपारपासून माणसं येऊ लागली. कॉलेजची मुलं, शिक्षक, भाजी घेऊन जाता जाता डोकावणाऱ्या बाया. फोन उचलून झाला की माणसाचा चेहरा बदलायचा. चप्पल काढून आत आल्यासारखी माणसं हळू चालायची. शेवटच्या पडद्यासमोर काही जण बराच वेळ थांबत. दिपाली कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती आणि तिच्या ओठांवर दाबून ठेवलेलं हसू होतं.

सत्यभामाबाई आणि मसाजी चारच्या सुमाराला आले. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. नासेरभाईंनी खुर्ची दिली. "आओ भाभी, बैठो. ये सब कबाड़ मेरा है, कलाकारी बच्ची की."

"कबाड चांगलं हाय," ती म्हणाली. "आमच्या घरचं काढून न्या म्हणते, तर हे देत न्हाईत."

मग ती फोनकडे गेली. दिपालीनं एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबली. सत्यभामाबाईनं रिसीव्हर कानाला लावला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो जराही हलला नाही. वाक्य संपलं, थोडं थांबून पुन्हा सुरू झालं. दिपालीनं ते फिरत ठेवलं होतं, कारण माणूस कधीही फोन उचलेल. सत्यभामाबाईनं ते पुन्हा ऐकलं. मग रिसीव्हर जागेवर ठेवला, खूप सावकाश, जणू आतलं काही सांडेल.

"तूच बोललीस?"

"मोठीमाय, तू नाही म्हणालीस म्हणून—"

"भावाचं नाव घेऊन?"

"तो माझा भाऊ आहे म्हणूनच तर हे सगळं केलं."

"किती बार वाजतं ते?"

मागून एक शिक्षिका आली, तिनं रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. तिच्या कानात काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मसाजी बायकोजवळ आला. "चल, बाहेर चहा घेऊ," तो म्हणाला. ती हलली नाही.

तेवढ्यात मसाजीचा फोन वाजला. पलीकडून इतका मोठा आवाज येत होता की आम्हालाही ऐकू आला. जमनाबाई होती. रडत नव्हती, ओरडत होती. "दाजी, खरं सांगा! बाईला द्या! मागल्या बारी मला फसवलं तुम्ही, आता फसवू नका! मोबाइलवर आलंय पुन्हा!"

दिपालीनं झटकन स्वतःचा मोबाइल काढला. तासाभरापूर्वी येऊन गेलेल्या कुणीतरी शेवटच्या पडद्याचं चित्रीकरण केलं होतं. गोदाम दिसत नव्हतं, लहान टीव्ही दिसत नव्हते. फक्त आग, भोंगा, शिवहारचा फोटो आणि "हिंगोलीचा वीरपुत्र". वर त्यानं दुःखी गाणं लावलं होतं. ते पुढं, त्याच्या पुढं, आणखी पुढं गेलं होतं. खाली लोक हात जोडत होते. एकानं विचारलं होतं, "कधीची घटना?" दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, "आज पहाटेची."

दिपाली ओरडली, "चाचा, बंद करा! सगळं बंद करा!"

नासेरभाईंचा हात बटनावर होताच. खटका पडला. भोंगा अर्ध्यात तुटला, पडदे काळे झाले. गोदामात एकदम इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न आत आल्यासारखे वाटले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे खरंच गेला का?"

मसाजीनं जमनाबाईचा फोन कापून शिवहारला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. हा माणूस मे महिन्यात बायकोला समजावत होता. आता तोच काळ्या पडद्याकडे बघत होता, जणू त्यात अजून काहीतरी दिसेल.

दारात गाडी थांबली. एक बातमीवाला आत आला, हातात माईक. तो मे महिन्यातला नव्हता, पण माईक तसाच होता. त्याला अर्धी हकीकत ठाऊक होती, अर्धी त्यानं तिथंच विचारून घेतली. मग त्याच्या डोळ्यांत चांगुलपणा आला. "काकू, मी अफवा थांबवायला आलोय. तुम्ही एवढंच म्हणा, माझा मुलगा सुखरूप आहे. दोन सेकंद. लगेच सोडतो, सगळीकडे जाईल."

"म्हण ना," मसाजी म्हणाला. "जित्ता हाय म्हण. मिटंल सगळं."

सत्यभामाबाईनं बातमीवाल्याला विचारलं, "तुमाला ठाव हाय का, तो सुखरूप हाय म्हणून?"

"नाही, म्हणजे… तसं काही कळलेलं नाही, म्हणजे असणारच."

"मला तरी कुठं ठाव हाय? मग मला काहून म्हणायला लावता?"

"काकू, लोकांना धीर येईल."

"मागल्या बारी लोकाइला रडू आलं. आता धीर येईल." तिनं माईक हातानं बाजूला केला, रागानं नाही, वाटेत आलेली फांदी सारावी तसा. "एक खोटं मी बोलले होते बाबा. माझ्या पोरासाठी, अन् ते सांजंपर्यंत निस्तरायचं होतं. तुमचं कोण निस्तरतं?"

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मसाजीच्या हातातला फोन पुन्हा वाजला. जमनाबाईच होती. सत्यभामाबाईनं तो घेतला.

"जमने, मी बोलून राहिले. ऐक. मी सांगावा धाडला न्हाई. हे जुनंच चित्र हाय, मागलंच. दिपानं इथं लावलं होतं, कुणीतरी उचललं."

पलीकडून जमनाबाई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. बाई, पण तो बरा आहे ना?

सत्यभामाबाईनं डोळे मिटले नाहीत. "त्याचा फोन लागंना. आठ-धा दिस झाले. मला कायबी ठाव न्हाई, जमने. रडू नको अजून. हसूबी नको."

तिनं फोन मसाजीला दिला आणि दिपालीकडे वळली. दिपाली खाली बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. "मी सगळं उतरवते आज," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत एक टीव्ही राहणार नाही इथं."

"उतरवू नको."

"मोठीमाय, माझ्यामुळं—"

"जे इथून ऐकून गेले ते गेले. आता बंद केलंस तर उद्या येतील त्याइला वाटंल, खरंच कायतरी झालं म्हणून कुलूप लागलं. ते शेवटचंबी लाव. पण फोटोखाली ठळक लिही, हे कधीचं हाय अन् खोटं हाय. अन् फोनातलं तुझं काढ. माझं घाल."

दिपालीनं वर पाहिलं. "तू ते म्हणणार?"

"ते न्हाई."

दिपालीनं दारातल्या फोनचा कप्पा उघडला. स्वतःचा आवाज पुसला. मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मोबाइल सत्यभामाबाईच्या तोंडाजवळ धरला, तेव्हा सत्यभामाबाईनंच तिचं मनगट धरलं. बातमीवाला अजून दारात होता. माणसं थांबली होती. नासेरभाई विजेच्या डब्याजवळ उभे होते.

"मी सत्यभामा," ती म्हणाली. "शिवहारची माय. तो सरहद्दीवर हाय. त्याचा फोन लागत न्हाई. तो कसा हाय, मला ठाव न्हाई."

आणखी काही सांगावं का, असं तिच्या मनात आलं असावं. मग म्हणाली, "बस."

*

तिसऱ्या दिवशी ती एकटी जीपनं हिंगोलीला आली. मी आणि नासेरभाई गोदामात होतो, दिपाली दारात फलक पुसत होती. पहिल्या दिवशीपेक्षा माणसं कमी होती. पण जी यायची ती फोनपाशी रेंगाळायची. काही जण रिसीव्हर ठेवून आत न जाताच परत फिरायचे. एका म्हाताऱ्यानं तर रिसीव्हरमध्येच विचारलं होतं, "मग आता लागला का फोन?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला होता.

सत्यभामाबाई आत आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दिपालीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"लागला," सत्यभामाबाई म्हणाली. "काल दुपारी. त्यानंच केला."

दिपालीनं तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडू लागली. नासेरभाईंनी दोन्ही हात वर केले, तोंडावरून फिरवले. "अल्ला का शुक्र. भाभी, अब तो मिठाई बनती."

"आणली न्हाई," ती म्हणाली. "चला, आधी ते फोनातलं बदलायचं हाय. जुनं ऐकून कुणी घाबरायला नको."

दिपालीनं डोळे पुसत मोबाइल काढला. "मोठीमाय, आता म्हण, मोठ्यानं म्हण. शिवहार सुखरूप आहे."

सत्यभामाबाईनं मोबाइल नीट तोंडासमोर घेतला. घसा साफ केला.

"मी सत्यभामा. शिवहारची माय. त्याचा काल दुपारी फोन आला होता. बोलला. जेवलो म्हणला." ती थांबली. "हे कालचं हाय. आजचं मला ठाव न्हाई."

"एवढंच?" दिपालीनं विचारलं.

"मंग? तेवढंच ठाव हाय," ती म्हणाली, आणि पदर सावरत जीप पकडायला निघाली. घरी शेळ्यांच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या.